खतावणीची वाटणी : बंगळुरूतील सूक्ष्मसेवांची रचना

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत या गावी देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक प्रदान करण्यात आले. पहिल्या मानकरी ठरल्या श्रीमती रंजना सोनवणे. समारंभाची छायाचित्रे सर्वत्र झळकली. मात्र ज्या संगणक प्रणालीने हे क्रमांक तयार केले, ती टेंभलीपासून कितीतरी दूर, बंगळुरू येथे आकारास आली होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००९ साली स्थापन झालेल्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत उभारण्यात आले. प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष श्री. नंदन निलेकणी हे इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात जन्मली आणि १९८३ मध्ये बंगळुरूस गेली, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

या प्रणालीपुढील प्रश्न वरवर पाहता साधा होता. एका व्यक्तीस एकच क्रमांक मिळावा. परंतु त्यासाठी नव्याने नोंदणी झालेल्या प्रत्येक व्यक्तीच्या बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा पूर्वी नोंदलेल्या सर्व व्यक्तींच्या ठशांशी व प्रतिमांशी ताडून पाहणे भाग होते. पहिल्या दहा जणांच्या बाबतीत हे काम क्षणाचे. शंभर कोटी नोंदी जमा झाल्यावर मात्र एका दिवसात दहा लाख नवे अर्ज आले, तर करावयाच्या तुलनांची संख्या एकावर पंधरा शून्ये इतकी होते. एखाद्या बँकेत दरेक नवे खाते उघडताना साऱ्या देशातील खातेदारांच्या सह्यांची पाने चाळावी लागली, तर जी अवस्था होईल तीच ही.

एवढे काम एकाच अवाढव्य यंत्राकडून आणि एकाच अखंड आज्ञावलीकडून करवून घेण्याचा मार्ग डॉ. प्रमोद वर्मा, श्री. श्रीकांत नाधमुनी प्रभृती तंत्रज्ञांनी स्वीकारला नाही. त्यांनी कामाचे तुकडे पाडले. गावातील नोंदणी केंद्रावरचा संगणक माहिती गोळा करून तिचे पाकीट तेथल्या तेथे कुलूपबंद करतो. मध्यवर्ती केंद्रात एक आज्ञावली ते पाकीट उघडून तपासते, दुसरी नाव-पत्त्यावरून दुबार नोंदीचा शोध घेते, तिसरी ठसे व बुबुळे तुलनेसाठी पुढे धाडते. तुलनेचे काम तीन निरनिराळ्या पुरवठादारांच्या प्रणालींमध्ये वाटून दिलेले. जी प्रणाली अधिक अचूक व अधिक वेगाने काम करील तिच्याकडे अधिक काम जाईल, अशी योजना. प्रत्येक टप्पा आपल्यासमोरील रांगेतून काम उचलतो आणि पुरे झाले की पुढील रांगेत ठेवतो. ज्या टप्प्यावर काम तुंबेल तेथेच सामान्य किमतीची आणखी काही यंत्रे जोडायची, बाकी टप्प्यांना हात लावायचा नाही. क्रमांक मिळाल्यानंतर करावयाची ओळख-पडताळणी ही तर सर्वस्वी वेगळी सेवा. ‘ही व्यक्ती तीच आहे काय?’ या प्रश्नास ती ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. ४ एप्रिल २०१६ रोजी आधारधारकांची संख्या शंभर कोटी झाली.

टेंभलीच्या समारंभाच्या वेळी या प्रकारच्या रचनेस सर्वमान्य नाव नव्हते. मे २०११ मध्ये इटलीतील व्हेनिसजवळ भरलेल्या संगणक-रचनाकारांच्या एका कार्यशाळेत ‘मायक्रोसर्व्हिस’ हा शब्द चर्चेत आला आणि मार्च २०१४ मध्ये जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांनी लिहिलेल्या लेखामुळे तो जगभर रूढ झाला. मराठीत आपण त्यास ‘सूक्ष्मसेवा’ म्हणू. ‘सूक्ष्म’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते, हे खरे. सेवेचा आकार किती लहान याला फारसे महत्त्व नाही. ती आपल्यापुरती स्वतंत्र आहे किंवा नाही, याला आहे.

अखंड आज्ञावलीचे सुख आणि दुःख

जुनी पद्धत समजून घेण्यासाठी बँकेबाहेर जाण्याची गरज नाही. १९८४ सालच्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंग यंत्रे आली, मग शाखांचे पूर्ण संगणकीकरण झाले आणि पुढे ‘कोअर बँकिंग’ने सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती प्रणालीत आणली. यातही बंगळुरूचा वाटा मोठा. इन्फोसिसची ‘फिनॅकल’ ही प्रणाली देशातील अनेक बँकांनी स्वीकारली. ग्राहक ‘शाखेचा’ न राहता ‘बँकेचा’ झाला तो यामुळेच.

एकाच मोठ्या आज्ञावलीत बचत खाते, मुदत ठेव, कर्ज, व्याजाची आकारणी, धनादेशांचा भरणा, सारे एकत्र नांदते आणि सर्वांची माहिती एकाच भांडारात असते. याचे सुख असे की, एका खात्यातून रक्कम नावे टाकणे आणि दुसऱ्या खात्यात जमा करणे या दोन नोंदी एकाच गाठीत बांधता येतात. दोन्ही होतील, किंवा दोन्ही होणार नाहीत. मधल्यामध्ये वीज गेली तरी अर्धवट नोंद शिल्लक राहत नाही.

दुःखही याच एकत्र कुटुंबातले. मुदत ठेवीच्या पावतीवरील एक ओळ बदलायची, तरी संपूर्ण आज्ञावलीची चाचणी पुन्हा घ्यावी लागते आणि बदल लागू करण्यासाठी रविवारची मध्यरात्र गाठावी लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेस केवळ शिल्लक पाहणाऱ्यांची गर्दी उसळली, तर तेवढाच भाग मोठा करता येत नाही. शिवाय शिल्लक पाहणाऱ्यांच्या या लोंढ्याखाली कर्जहप्त्यांची वसुलीही अडते. पूर्वी शिल्लक विचारण्यासाठी ग्राहक महिन्यातून एकदा पासबुक घेऊन येत असे. आता खिशातील दूरध्वनी दिवसातून अनेकदा तोच प्रश्न विचारतो, आणि तोही रात्री दोन वाजता.

सूक्ष्मसेवांच्या रचनेत हे एकत्र कुटुंब विभक्त होते. शिल्लक सांगणारी सेवा वेगळी, संदेश पाठविणारी वेगळी, ग्राहकाची कागदपत्रे तपासणारी वेगळी. प्रत्येकीची वही तिची स्वतःची. दुसरीने त्या वहीत डोकावायचे नाही. माहिती हवी असल्यास ठरलेल्या नमुन्यात मागणी करायची आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीत २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी अशीच सक्त आज्ञा काढली होती, असे तेथील एका माजी अभियंत्याने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. नेटफ्लिक्सला हे शहाणपण ठेच लागून आले. ऑगस्ट २००८ मध्ये तिचे मध्यवर्ती माहिती-भांडार बिघडले आणि तीन दिवस ग्राहकांकडे डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर सुरू झालेले स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पुरे झाले.

वाटणी करायची कोठे, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत कठीण प्रश्न, आणि त्याचे उत्तर संगणकशास्त्रात कमी व धंद्याच्या जाणकारीत अधिक सापडते. मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्येच एक निरीक्षण नोंदविले होते : कोणतीही संस्था जी प्रणाली रचते तिची ठेवण त्या संस्थेतील माणसांच्या परस्पर संवादाच्या ठेवणीसारखीच उतरते. कर्ज विभाग व ठेव विभाग यांच्यात रोजच्या कामात जेथे नैसर्गिक सीमा आहे, तेथेच आज्ञावलीचीही सीमा पाडावी हे बरे. एकाच कामासाठी दोन सेवांना दर क्षणी एकमेकींकडे विचारणा करावी लागत असेल, तर ती वाटणी चुकली असे खुशाल समजावे. म्हणूनच रचनाकारांच्या बैठकीत खातेपद्धती जाणणारा अधिकारी बसलेला असणे आवश्यक ठरते. दुर्दैवाने त्यास बहुधा शेवटी बोलावण्यात येते.

सिल्क बोर्ड चौकातील कोंडी

वाटणी केली म्हणजे संकट टळले, असे मात्र नाही. फ्लिपकार्ट या कंपनीची सुरुवात २००७ मध्ये बंगळुरूच्या कोरमंगल भागात पुस्तकविक्रीने झाली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीने ‘बिग बिलियन डे’ या नावाने प्रचंड सवलतीची विक्री जाहीर केली. संस्थापक श्री. सचिन बन्सल व श्री. बिन्नी बन्सल यांनी नंतर ग्राहकांना पाठविलेल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे, नेहमीच्या २० पट वर्दळ गृहीत धरून सुमारे ५ हजार सर्व्हर सज्ज ठेवण्यात आले होते. प्रत्यक्षात दिवसाच्या निरनिराळ्या वेळी वर्दळ याहूनही पुष्कळ अधिक झाली. संकेतस्थळ अडखळले, अनेकांच्या मागण्या रद्द झाल्या आणि संस्थापकांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

अशा वेळी प्रणालीत काय घडते, हे बंगळुरूकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. सायंकाळी सिल्क बोर्ड चौकात एक बस बंद पडली तर कोंडी त्या चौकापुरती राहत नाही. मागच्या प्रत्येक चौकात ती सरकत जाते आणि ज्यांना सिल्क बोर्डकडे जायचेच नव्हते तेही अडकून पडतात. सेवांचेही तसेच आहे. साठ्याची माहिती देणारी सेवा मंदावली की तिच्या उत्तराची वाट पाहत मागणी नोंदविणारी सेवा थांबते, तिच्यामागे देयक सेवा थांबते, आणि ग्राहक अधीर होऊन पुन्हा पुन्हा कळ दाबतो तेव्हा गर्दीत आणखी भर पडते. एखादी सेवा बंद पडली तर ते निदान कळते तरी. मंदावलेल्या सेवेचे दुखणे लवकर ध्यानात येत नाही.

यावरील उपाय घरातील विजेच्या एमसीबीसारखा आहे. दुसऱ्या सेवेकडून ठराविक वेळात उत्तर आले नाही, तर वाट पाहणे सोडून द्यावे. असे वारंवार घडले, तर तिच्याकडे विचारणा करणेच काही काळ तोडावे आणि थोड्या वेळाने एखादी विचारणा करून ती सावरली काय ते पाहावे. दरम्यान ग्राहकास पर्यायी उत्तर द्यावे. ‘आपल्याला आवडतील अशा वस्तू’ दाखविणारी सेवा बंद असेल, तर तो भाग कोरा सोडला म्हणून विक्री थांबण्याचे कारण नाही. बँकेत मात्र हा ‘कोरा भाग’ कोठे चालेल, याचा विचार फार काळजीपूर्वक करावा लागतो. संदेश दोन मिनिटे उशिरा गेला तर चालेल. शिल्लक चुकीची दाखवून चालणार नाही.

आंतर-शाखा ताळमेळाचे पुनरागमन

वही वाटून घेतली की ती सुखाची गाठ सुटते. नावे नोंद एका सेवेच्या वहीत आणि जमा नोंद दुसरीच्या वहीत. पहिली झाली आणि दुसरीपर्यंत निरोपच पोहोचला नाही तर?

बँकेतील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. कोअर बँकिंगपूर्वी प्रत्येक शाखा म्हणजे स्वतःची वही असलेली स्वतंत्र सेवाच होती. एका शाखेने दुसऱ्या शाखेवर धनाकर्ष काढला की सूचनापत्र टपालाने जाई. ते कधी उशिरा पोहोचे, कधी गहाळ होई, कधी दोनदा येई. ज्या नोंदीचा पत्ता लागत नसे ती उचंत खात्यात विसावे आणि आंतर-शाखा ताळमेळाच्या विभागात माणसे महिनोन्महिने जोड्या जुळवीत बसत. ठराविक मुदतीपलीकडे न जुळलेल्या नावे नोंदींसाठी नफ्यातून तरतूद करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले, ते उगाच नव्हे. कोअर बँकिंगने हा विभाग जवळजवळ संपविला. आता तोच प्रश्न, आठवड्यांऐवजी सेकंदांच्या मापाने, तरुण अभियंत्यांपुढे येऊन उभा आहे.

त्यावरील संगणकशास्त्राचे उत्तर १९८७ सालचे आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ या नावाने ते मांडले. लांब व्यवहाराचे लहान टप्पे करावेत, प्रत्येक टप्पा आपल्यापुरता पूर्ण करावा, आणि मध्येच अडथळा आला तर झालेल्या प्रत्येक टप्प्यासाठी आधीच ठरवून ठेवलेला उलट टप्पा चालवावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हे वाचून हसू येईल. चुकलेली नोंद खोडू नये, तिच्याविरुद्ध उलट नोंद करावी, हा पाठ त्याने पहिल्याच वर्षी गिरविलेला असतो.

दुसरी काळजी दुबार नोंदीची. उत्तर आले नाही म्हणून निरोप पुन्हा पाठविला आणि पहिलाही पोहोचला असेल, तर रक्कम दोनदा वजा होईल. म्हणून प्रत्येक व्यवहारास एक क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत करायचे. धनाकर्षावरील छापील क्रमांक पूर्वी हेच काम करीत असे.

यूपीआयमध्ये हा सारा खेळ रोज उघड्या मैदानावर चालतो. एप्रिल २०१६ मध्ये २१ बँकांसह सुरू झालेल्या या व्यवस्थेत ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ज्यांच्या ॲपवरून सर्वाधिक व्यवहार होतात ती फोनपे ही कंपनी बंगळुरूचीच. पैसे पाठविणाऱ्याचे ॲप, राष्ट्रीय देयक महामंडळाची मध्यवर्ती प्रणाली, पैसे देणारी बँक आणि घेणारी बँक, असे एका व्यवहारात निदान चार पक्ष असतात आणि प्रत्येकाची वही निराळी. आधी देणाऱ्याच्या खात्यावर नावे नोंद होते, मग घेणाऱ्याच्या खात्यात जमा. दुसऱ्या टप्प्याचे उत्तर वेळेत परतले नाही तर ॲपवर ‘प्रलंबित’ असा शब्द उमटतो. त्या क्षणी रक्कम पोहोचली की नाही, हे ॲपला खरोखरच ठाऊक नसते. भाजीवाल्यासमोर उभ्या असलेल्या ग्राहकास ती आपली फसवणूक वाटते, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे.

या अनिश्चिततेला रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदत घालून दिली. यूपीआयद्वारे दुसऱ्याच्या खात्यात रक्कम पाठविताना आपले खाते नावे पडले, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत झाली पाहिजे. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई. एटीएममधून रोकड न मिळता खाते नावे पडल्यास पाच दिवसांची मुदत आणि त्यानंतर तीच भरपाई. ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता ही भरपाई आपण होऊन द्यावी, असेही परिपत्रक सांगते. अभियंत्यांच्या ‘उलट टप्प्या’मागे असा रोख दंड उभा राहिला.

‘काय झाले?’ हा प्रश्न विचारण्यालाही किंमत असते, हे १२ एप्रिल २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी यूपीआयचे व्यवहार देशभर कित्येक तास अडखळले. काही बँकांच्या प्रणालींनी व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या मागण्यांचा अतोनात मारा केल्याचे देयक महामंडळाच्या तपासणीत आढळले. त्यानंतर अशा विचारणांवर मर्यादा आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० पेक्षा अधिक वेळा शिल्लक पाहता येत नाही.

वाटणी कोठवर?

उत्साहाच्या भरात वाटणी अतिरेकासही जाते. चाकरीस चार अभियंते आणि सेवा चाळीस, अशी उदाहरणे बंगळुरूच्या नवउद्योगांत ऐकू येतात. सूक्ष्मसेवांच्या आद्य पुरस्कर्त्या ॲमेझॉनच्याच घरात २०२३ मध्ये एक उलटा प्रवास घडला. प्राइम व्हिडिओच्या प्रक्षेपणाचा दर्जा तपासणाऱ्या गटाने आपले विखुरलेले भाग पुन्हा एका आज्ञावलीत आणले आणि त्या कामाचा पायाभूत खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर केले. दोन भागांमध्ये सतत प्रचंड माहितीची ने-आण होत असेल, तर त्यांच्यात भिंत घालण्यात अर्थ नसतो, एवढाच त्याचा अर्थ. सूक्ष्मसेवा मोडीत निघाल्या, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा घाई केली.

बँकांसाठी अधिक सुरक्षित वाट संथपणाची आहे. मूळ खतावणी, म्हणजे जेथे नावे व जमा एकाच गाठीत बांधली जातात तो गाभा, हलवायचा नाही; त्याच्याभोवतीची कामे एकेक करून बाहेर काढायची. आधी संदेश, मग शिल्लक दाखविणे, मग नव्या खात्याची कागदपत्रे. जुनी व नवी व्यवस्था काही महिने शेजारी शेजारी चालवून दोघींची उत्तरे रोज ताडायची. फाउलर यांनी या पद्धतीस दुसऱ्या झाडावर वाढून त्याला हळूहळू वेढणाऱ्या वृक्षाचे नाव दिले आहे. बंगळुरूच्या पश्चिमेस केतोहळ्ळी येथे ‘दोड्ड आलद मर’ हा सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष सुमारे तीन एकरांवर पसरला आहे. त्याचे मूळ खोड रोगाने नष्ट झाले. आज पाहणाऱ्यास अनेक वेगवेगळी झाडे उभी आहेत असे वाटते, पण पारंब्यांनी धरलेला तो एकच वड आहे.

ग्राहकांच्या दृष्टीने या साऱ्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘प्रलंबित’ असा शब्द दिसला असता तीच रक्कम लगेच पुन्हा पाठवू नये. ॲपमधून पुन्हा केलेला व्यवहार हा प्रणालीच्या दृष्टीने नवा व्यवहार असतो, त्यास नवा क्रमांक मिळतो, आणि मग दुबार नोंद अडविणारी व्यवस्था त्यास अडवू शकत नाही. व्यवहाराच्या तपशिलात दिसणारा बारा अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीही रक्कम परतली नाही, तर तक्रार करताना शाखेतील अधिकाऱ्यास तो द्यावा. चारही पक्षांच्या वह्यांत शोध घेण्यासाठी त्याच्याजवळ तो एकच धागा असतो.